बोलीवरून गाव ओळखणारी बाई

आमच्या भागात गलाईला गेलेला माणूस नाही असं घर शोधायला निघालात तर चपला झिजतील. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला पाऊस आमच्याच शिवेवर येऊन तोंड फिरवतो, म्हणून दोन-तीन पिढ्यांपासून माणसं बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातला केरकचरा भट्टीत घालायचा आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, ही गलाई. देशातल्या कुठल्याही सराफकट्ट्यामागच्या बोळात जा, भट्टीशेजारी आमच्याकडचं कुणीतरी जेवणाचा डबा उघडून बसलेलं सापडेल.

लग्न झालं तेव्हा मी वीस वर्षांची होते. आमच्या ह्यांची भट्टी बंगालमधल्या एका बाजाराच्या गावी होती. तिथं मी सव्वीस वर्षं काढली. ह्यांचं दुकानात हिंदीवर भागायचं. बायकांचं हिंदीवर भागत नाही. दूधवाल्याशी हुज्जत, लेकराचा ताप, नळावरची भांडणं ही सगळी ज्या त्या गावच्या भाषेतच करावी लागतात. मला ती भाषा शिकवली आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या मासळीवालीनं. मी मासळीला शिवत नाही. पण रोज दुपारी नाकाला पदर लावून तिच्याशेजारी पाटावर बसायचे आणि गिऱ्हाईक नसेल तेवढा वेळ आम्ही बोलायचो. तीन वर्षांत मी तिच्या तोडीचं भांडायला लागले. ह्याहून मोठी परीक्षा कुठल्या विद्यापीठात असेल असं मला वाटत नाही.

ह्या सगळ्यात मला एक नाद लागला. माणूस दोन वाक्यं बोलला की त्याचं गाव सांगायचं. परत गावी आल्यावरही तो सुटला नाही. ही बाई जतकडची, बोलण्यात कानडी हेल आहे. हा शिराळ्याचा. ही मूळची साताऱ्याची, पण लग्नानंतर मिरजेत मुरलेली. दहातले आठ बरोबर यायचे आणि चुकलेले दोन मी कुणाला सांगत नसे. बचत गटातल्या बायका पैजा लावायच्या. मला ते आवडायचं, उगाच कशाला नाही म्हणू.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालयाचं काम निघालं आणि फरशी बसवायला बंगालमधून अकरा कारागीर आले. त्याच सुमारास टीव्हीवर आणि मोबाइलवर एकच विषय सुरू झाला होता, बांगलादेशातून चोरून आलेली माणसं. गावात दोन तट पडले. एक तट म्हणायचा, पोलिसांनी घराघरांत शिरून हुडकावं आणि गाडीत घालून न्यावं. दुसरा म्हणायचा, परदेशी कोण आणि देशी कोण हे ठरवणं दिल्लीचं काम, आमच्या ठाण्याला मोटारसायकलींचे चोर सापडंनात, त्यात हे कुठं? पानटपरीवर चहा गार व्हायचा, पण बोलणं गार होत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ पहिल्या तटाचा. तो साताऱ्यात राहतो, सैन्यातून निवृत्त. महिन्यातून एकदा मोटारसायकलवरून माझ्याकडे येतो आणि चार दिवस राहून सगळ्यांना शिस्त लावून जातो. त्याची नोकरीतली काही वर्षं त्याच सरहद्दीवर गेलेली. तो म्हणायचा, "अक्का, आमी तितं चिखलात उभं ऱ्हायलो. आणि हितं कुणीबी यावं, ऱ्हावं, कुणी इचारायचं न्हाई? मग आमी कशापायी उभं हुतो?" तो उगाच बोलणारा माणूस नाही.

असं चाललेलं असताना एका सकाळी ठाण्यातला शिपाई स्कूटरवरून दारात आला. "मावशी, सायबांनी बोलावलंय. तुमास्नी बंगाली येतं म्हनं."

आता खरं सांगायचं तर मी इस्त्रीची साडी नेसले.

वाटेत शिपायानं सांगितलं ते असं. त्या अकरा कारागिरांतला एक, तिशीतला, पंधरा दिवसांपूर्वी पहाटे नळावर गेला होता. शेजारच्या मळ्यातली पाण्याची मोटर दोघंजण गाडीवर घालून नेताना त्याला दिसले. तो मागं पळाला, गाडीचा नंबर पेनानं तळहातावर लिहिला आणि उजाडल्यावर आपणहून ठाण्यात जाऊन दाखवला. मोटर सापडली. नंतर वरून आदेश आला, बाहेरची माणसं तपासा. ठाण्याच्या दप्तरात नाव, फोन आणि राहायची जागा आयती लिहिलेला बंगाली माणूस एकच होता, म्हणून पहिल्यांदा त्यालाच आणला.

हे ऐकून मला काही खटकलं का? नाही खटकलं. मी ठाण्यात काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

साहेब तरुण होते आणि अदबीचे. मला पंख्याखालची खुर्ची दिली, चहा मागवला. तो कारागीर भिंतीशी उभा होता, पायाला सिमेंट तसंच. साहेब म्हणाले, "काकू, ह्याच्याकडे आधार कार्ड आहे, पण ते काय कुणीही काढतं. घराचे जुने कागद नाहीत म्हणतो. तुम्ही जरा बोलून बघा. आम्हाला तर ह्यातलं काही कळत नाही."

मी त्याला म्हटलं, तुझ्या घरचं सांग. सव्वीस वर्षांची भाषा ऐकून त्याचा चेहराच उजळला. "मासी" म्हणाला मला, मावशीला तिकडे मासी म्हणतात. मालदा जिल्हा, गंगेच्या काठचं गाव. नदीनं त्यांचं घर दोनदा गिळलं. पहिल्यांदा वडिलांच्या काळात, दुसऱ्यांदा तो दहा वर्षांचा असताना. जमिनीचे कागद कपाटात होते आणि कपाट नदीत. आई आता बांधावरच्या झोपडीत राहते. तो बोलत होता आणि मी ऐकत होते, पण काय ऐकत होते? त्याचे हेल. शब्दांची टोकं. आणि मला ओळख पटल्याचा असा काही आनंद झाला की विचारू नका.

"साहेब," मी म्हटलं, "ही आम्ही राहिलो तिकडची बोली नव्हे. ही पार पद्मेच्या काठची, गंगा बांगलादेशाकडे वळली की तिला पद्मा म्हणतात. नदीपलीकडून आलेली माणसं असंच बोलायची."

"म्हणजे पलीकडची?" साहेबांनी विचारलं.

मी मान डोलावली. त्यांनी लिहिलं, मी सही केली. मराठीतलं त्याला काही कळलं नसेल, पण नदीचं नाव कळलं. त्यानं विचारलं, "मासी, तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

"काही नाही," मी म्हटलं, "तुझ्या बोलीचं सांगितलं."

घरी आले तर भाऊ अंगणात गाडी पुसत होता. त्याला सगळं सांगितलं. तो खूश झाला. "लय झाक केलंस, अक्का. आता उद्या दुपारी त्येला सांगलीला न्हेतील, तितनं पुढं सरहद्दीवर. शिपाई मगाशी सांगत हुता टपरीवर. तुझ्या कागदावरच समदं झालं बघ."

"उद्याच?" मी म्हटलं. मला वाटलं होतं, माझा कागद दहा कागदांतला एक असेल.

आमचे हे सोप्यात बसून शेंगा फोडत होते. भट्टीच्या तेजाबानं त्यांच्या बोटांची कातडी जुन्या चामड्यासारखी झाली आहे. मुळात कमी बोलणारा माणूस. त्यांनी वर न बघता म्हटलं, "अगं, त्या मुंबईवाल्या बाबूची गोष्ट सांग की भावाला. लय दिवसांत सांगितली न्हाईस."

ती माझी हातखंडा गोष्ट. लग्नकार्यात बायका ती माझ्याकडून म्हणवून घेतात. मी पदर खोचून सुरू केली. मी बंगालमध्ये गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका सराफाकडे चोरी झाली. चोरीचं सोनं कुठंतरी गाळलं असणार म्हणून पोलिसांनी सगळ्या गलाईवाल्यांना उचललं. आमचे हे त्यात. कुठला तू? तर सांगलीचा, महाराष्ट्रातला. कागद? गावाकडे, ट्रंकेत. मग तिथल्या अंमलदारानं एक बाबू आणवला. हा बाबू मुंबईत बारा वर्षं कारकुनी करून आलेला. त्यानं ह्यांना सांगितलं, बोल मराठीत. हे घाबरलेले, हात जोडून म्हणाले, "सायेब, म्या काय बी केल्यालं न्हाई. कवाधरनं सांगतोय, आमी सांगलीचं हाय."

बाबूनं कान देऊन ऐकलं, चष्मा पुसला आणि अंमलदाराला छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, ही मराठी नव्हे. मराठी मला येते. मराठीत..."

इथं नेहमी हशा होतो. भाऊसुद्धा हसायच्या बेतात होता. आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

"मंग? फुडं?" भाऊ म्हणाला.

पुढचं त्याला पाठ होतं. त्या बाबूच्या एका वाक्यावर हे आणखी दोन दिवस आत राहिले होते. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ते शेंगा फोडत होते. हा माणूस चाळीस वर्षांत मला एकदाही उलट शब्द बोललेला नाही, आणि त्या दिवशीही बोलला नाही. पण मला आतून असं झालं की कुणी थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. सगळ्या गावाला हसवत मी ज्याची नक्कल करत फिरले, तो बाबू सकाळी इस्त्रीची साडी नेसून ठाण्यात जाऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला ठाण्यात शांतता समितीची बैठक होती, गणपतीच्या मिरवणुकीची. मी त्या समितीवर आहे. समितीत दोन बायका दाखवाव्या लागतात, त्यातली मी एक, आणि आजवर माझं काम उपमा खाऊन यायचं एवढंच होतं. भाऊ मला गाडीवरून घेऊन गेला. मी काय करणार ते त्याला सांगितलं नव्हतं.

मिरवणुकीचं बोलणं पाच मिनिटांत संपलं आणि गाडी त्याच विषयावर आली. एक तरुण पुढारी उठून म्हणाला, पोलिसांनी अजून दहाजण का धरले नाहीत? एक द्राक्षबागायतदार म्हणाला, ह्या लोकांनी काम सोडलं तर गावातली निम्मी बांधकामं बंद पडतील, आणि चोराचा नंबर द्यायला आलेल्या माणसालाच तुम्ही बसवलंत, आता ठाण्याची पायरी कोण चढेल? कुणीतरी ओरडलं, तुला स्वस्तात माणसं पाहिजेत म्हणून बोलतोस! साहेबांनी टेबलावर हात आपटला. "मला आदेश आहे आणि माझ्याकडे माणसं मोजकी आहेत. ह्या माणसाच्या बाबतीत तुमच्याच गावातल्या जाणत्या बाईंचा लेखी जबाब आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काहींनी कौतुकानं. मी उभी राहिले.

"तो जबाब चुकला," मी म्हटलं. "मिजाशीत दिला मी."

माझे कान तापले होते. ज्या गावात बोलीवरून गाव ओळखणारी म्हणून मिरवले, तिथंच हे सांगायचं होतं. पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबवणं कुणाला जमत नाही. मी सांगितलं की नदी मधे आहे आणि तीच बोली दोन्ही काठांवर बोलतात. "आपल्या जतला जा. निम्मा तालुका कानडी बोलतो. उद्या कुणी बोलीवरनं त्यांना विजापुरात नेऊन सोडलं तर गप बसाल?"

पुढारी म्हणाला, "काकू, ते राज्य आहे. हा देश दुसरा आहे."

"देश दुसरा आहे म्हणूनच म्हणते. कागद बघा, चौकशी करा, त्याच्या गावाला विचारा. पलीकडचा निघाला तर न्या की, मी आडवी पडणार नाही. पण माझ्या कानावर नेऊ नका. माझ्या कानाला सरकारी शिक्का नाही."

साहेब म्हणाले, "काकू, सही आहे तुमची."

"मग त्याच्याखाली आणखी जागा असेल. तिथं हे लिहा आणि ही सही घ्या."

साहेबांनी फायलीतून तो जबाब काढून पुढ्यात घेतला. मला वाटतं त्यांनाही तो कागद बोचत होता, फक्त हातात दुसरा कागद नव्हता. त्यांनी विचारलं, त्याच्या गावाला विचारायचं म्हणजे कुणी विचारायचं? तिकडचं काय बोलतात ते इथं कुणाला कळतं? मी म्हटलं, मी काय मेले? बाहेर थांबलेल्या त्याच्या सोबत्यांकडून तिथल्या पंचायतीच्या प्रधानाचा नंबर घेतला आणि साहेबांच्या टेबलावरून मोठ्या आवाजात फोन लावला. प्रधान आधी शिव्याच द्यायला लागला, त्याला वाटलं कुणी पैसे उकळणारं आहे. मीही मासळीवालीची चेली. दोन मिनिटांत तो सरळ झाला. हो म्हणाला, अमक्याचा मुलगा, आई बांधावर राहते, मतदार यादीत बापाचं नाव आहे, तिथल्या ठाण्यामार्फत कागद पाठवतो, दोन दिवस द्या. प्रत्येक वाक्य मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. माझं मत एकदाही घातलं नाही. मला ते किती अवघड गेलं ते मलाच माहीत.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, "सांगलीला पाठवत नाही. पण दोन दिवस ह्याची जबाबदारी कोण घेणार? गावातला पत्ता पाहिजे."

कारागिरांना आणणारा ठेकेदार बैठकीतच बसला होता, पण त्याला नेमका त्याच वेळी फोन आला आणि तो बाहेर गेला.

मला त्या बाबूच्या गोष्टीचा शेवट आठवला. तो मी नेहमी घाईत उरकते, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या ह्यांना सोडवायला तेव्हा ती मासळीवाली ठाण्यात गेली होती, डोक्यावर पाटी तशीच. अंमलदाराला म्हणाली, ह्याची बायको रोज माझ्याशेजारी नाक धरून बसते, मी ओळखते त्यांना. पत्ता पाहिजे ना, माझा लिहून घ्या.

"माझा लिहा," मी म्हटलं.

"अक्का!" मागून भाऊ ओरडला.

घरी जाताना त्यानं गाडी अशी हाणली की माझा अंबाडा सुटला. दारात उतरल्यावर म्हणाला, "आणि कागद आला न्हाई तर?"

"तर मला न्हेतील सरहद्दीवर."

"तुला कोन न्हेतंय? दोन दिसांत माघारी आणून सोडतील." एवढं बोलून तो हसला आणि मग परत रागावला.

दोन दिवस तो कारागीर आमच्या सोप्यात राहिला. नुसतं बसणं त्याला जमेना, म्हणून स्वयंपाकघरातली हलणारी फरशी काढून नीट बसवली. आमचे हे त्याला शेजारी बसून पाणी, सिमेंट देत होते आणि दोघं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या बंगालीत काय बोलत होते देव जाणे. भाऊ पहिल्या दिवशी त्याच्याशी बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सरहद्दीजवळच्या एका नावेच्या घाटाचं नाव घेऊन विचारलं, अजून आहे का. कारागीर म्हणाला, तो घाट आता नदीत गेला. "गेला?" भाऊ म्हणाला. त्याचं मत काही बदललं नाही. कागद बघायलाच पाहिजेत, तो अजून म्हणतो, आणि मीही तेच म्हणते.

तिसऱ्या दिवशी तिथल्या ठाण्याचा कागद आला. तो मालद्याचाच होता.

महिन्याभरानं तोच शिपाई पुन्हा दारात. मोटर चोरणारे दोघं सापडले होते. ओळखायला आणि जबाब द्यायला त्या कारागिराला बोलावलं, तर तो म्हणत होता, मी काही बघितलं नाही, अंधार होता. "मावशी, तुमीच समजवा की त्येला."

मी मंगल कार्यालयात गेले. तो गुडघ्यांवर बसून फरशीच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरत होता. वर न बघता त्यानं विचारलं, "मासी, खरं सांगा. त्या सकाळी मी नंबर सांगायला गेलो नसतो, तर माझं नाव त्यांना कळलं असतं का?"

"नसतं कळलं," मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग होता.

"आणि तुम्ही? तुम्ही मला पलीकडचा म्हणालात ना?"

हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार. किंवा त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि तरीही तो दोन दिवस माझ्या हातचं जेवला. मी म्हटलं, "म्हणाले. चुकले. येणार असशील तर मी शेजारी बसते. तू बोलशील तेवढंच सांगेन, कमी नाही, जास्त नाही. आणि नसशील येणार तर तेही जाऊन सांगते, की तो येत नाही."

त्यानं तो सांधा पुरा भरला, फडक्यानं पुसला. मग थापी बादलीत धुतली आणि म्हणाला, "गुरुवारी. काम संपल्यावर."

गुरुवारी त्यानं हात करून दोघांनाही ओळखलं. मग जबाब सांगायला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. साहेबांनी नाव विचारलं, मी सांगितलं. वय विचारलं, मी सांगितलं. गावातला पत्ता विचारला आणि मी तोंड उघडायच्या आत तो स्वतःच बोलला. मराठीत, आमच्या गल्लीच्या मराठीत, आमच्या ह्यांच्याकडून दोन दिवसांत उचललेल्या.

"पान्याच्या टाकीजवळ, गलाईवाल्याचं घर हाय की," तो म्हणाला, "तितं."

साहेबांनी मान खाली घालून लिहून घेतलं.